नाटककार विंगेतून कसा दिसतो

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत ‘माझा आवडता नाटककार’ या विषयावर गेले काही आठवडे वाचकांची पत्रे येत आहेत आणि त्यांतले एकही मी वाचायचे सोडलेले नाही. पत्रे मनापासून लिहिलेली आहेत यात शंका नाही; पण त्यांत एक गोष्ट वारंवार खटकली, म्हणून हे पत्र लिहायला बसलो. बहुतेक पत्रे नाटककाराचे नाव घेऊन सुरू होतात आणि दुसऱ्या परिच्छेदापर्यंत पोचता पोचता नटाच्या आवाजाकडे, त्याच्या प्रवेशाला पडलेल्या टाळीकडे किंवा सर्वांना तोंडपाठ असलेल्या एखाद्या वाक्याकडे वळतात. शिरवाडकर आवडतात म्हणणाऱ्याला डॉ. लागू आठवतात, तेंडुलकर आवडतात म्हणणाऱ्याला निळू फुले आठवतात. हे नट मोठे होतेच, त्याबद्दल वाद नाही. परंतु नाटककाराचे म्हणून जे काम असते, ते या पत्रांत मला कुठे भेटले नाही, आणि ते काम मी बरीच वर्षे चार हातांवरून पाहिलेले आहे.

मी सांगलीचा. नोकरी एका सहकारी बँकेत झाली आणि संध्याकाळी एका हौशी नाट्यसंस्थेत गेल्या. सुरुवातीला आपण नट आहोत असा माझाही समज होता. पहिल्याच नाटकात मला हवालदाराची भूमिका आणि मोजून तीन वाक्ये मिळाली होती; त्यांतले तिसरे मी आधी बोललो, पहिले शेवटी बोललो आणि मधले बोललोच नाही. दुसऱ्या दिवशी दिग्दर्शकांनी काही न बोलता माझ्या हातात संहिता आणि एक छोटी बॅटरी दिली आणि विंगेकडे बोट दाखवले. तिथे मी २६ वर्षे प्रॉम्प्टर म्हणून, म्हणजे नट अडला की त्याला पुढचे शब्द हळूच सुचवणारा म्हणून, बसलो.

विंगेतल्या खुर्चीवरून नाटक तिरके दिसते. नटाचा चेहरा अर्धा दिसतो, नेपथ्याची मागची बाजू, खिळे आणि टेकू दिसतात, आणि प्रेक्षक तर दिसतच नाहीत, फक्त ऐकू येतात. मात्र एक गोष्ट तिथे इतर कुणापेक्षाही स्पष्ट होते, ती म्हणजे लिहिलेले वाक्य. प्रेक्षक नाटक एकदा पाहतो, समीक्षक फार तर दोनदा पाहतो. प्रॉम्प्टर मात्र तालमी धरून तीच संहिता पन्नास-साठ वेळा ओळीवर बोट ठेवून वाचतो. कोणते वाक्य पाचव्या वाचनाला शिळे होते आणि कोणते पन्नासाव्या वाचनालाही ताजे राहते, हे त्याला आपोआप कळत जाते. त्याशिवाय नट कुठे अडतो हेही कळते. पाठांतर कच्चे असेल तर नट कुठेही अडतो. पण पाठांतर पक्के असलेला चांगला नट प्रत्येक तालमीत एकाच ठिकाणी अडत असेल, तर दहांतल्या नऊ वेळा त्या ठिकाणी लेखकाने पात्राच्या तोंडी स्वतःचे वाक्य घातलेले असते. माझ्या आवडीनिवडी या मोजमापाने ठरल्या आहेत. ते मोजमाप अपुरे आहे हे मला मान्य आहे.

सर्वांत आधी गोविंद बल्लाळ देवलांचे नाव घेतो. देवल हरिपूरचे, आणि हरिपूर म्हणजे आमच्या गावाहून संध्याकाळी फिरत जावे एवढ्या अंतरावर, कृष्णा-वारणेच्या संगमावरचे गाव. ‘शारदा’ तिथल्या पारावर लिहिले गेले असे आमच्याकडे सांगतात. तेव्हा माझ्या मताला गावच्या अभिमानाचा थोडा वास येणार, तो वाचकांनी धरून चालावे. पण देवलांचे मोठेपण मला कळले ते पारावर बसून नव्हे, तर ‘संशयकल्लोळ’च्या तालमीत. फाल्गुनराव आणि कृत्तिका या नवरा-बायकोची भांडणे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना आठवेल, की रस्त्यात मूर्च्छा आलेल्या रेवतीला फाल्गुनराव सावरतो काय, ते कृत्तिका पाहते काय, रेवतीच्या हातून पडलेली आश्विनशेठची तसबीर कृत्तिकेला सापडते काय आणि ती न्याहाळताना फाल्गुनराव तिला गाठतो काय! दोघांचाही संशय खोटा आणि दोघांच्याही हातात पुरावा. त्या प्रवेशांना २६ वर्षांत मला एकदाही प्रॉम्प्टिंग करावे लागले नाही. याचे कारण नट हुशार होते असे नाही. आमचा एक फाल्गुनराव तर दुकानातून थेट तालमीला येत असे आणि बाकीच्या प्रवेशांत सर्रास वाक्ये खात असे. कारण असे होते की देवलांच्या संवादात मागचे वाक्यच पुढच्याला हाताला धरून आणते. कृत्तिकेने जे आणि जसे म्हटले आहे त्यावर फाल्गुनरावाला दुसरे काही सुचूच शकत नाही. असे लिहिणे वाचताना सोपे वाटते, आणि म्हणूनच त्याचे कौतुक कमी होते.

‘संशयकल्लोळ’ची गोष्ट देवलांची स्वतःची नाही, हे माहीत असलेले वाचक इथे नाक मुरडतील. ती मूळ मोलिएरची, १६६० सालच्या फ्रेंच प्रहसनातली. आर्थर मर्फी यांच्या इंग्रजी रूपांतरावरून देवलांनी ती आधी गद्यात घेतली आणि पुढे १९१६ साली ती संगीत होऊन रंगभूमीवर आली. देवलांच्या सात नाटकांपैकी ‘शारदा’ तेवढे स्वतंत्र, बाकीची सहा संस्कृतातून किंवा इंग्रजीच्या वाटेने आलेली. पण आणलेल्या गोष्टीतल्या माणसांना फाल्गुन, आश्विन, कृत्तिका, रेवती अशी पंचांगातली नावे देऊन, नोकराला भादव्या म्हणून हाक मारायला लावून त्यांनी ती अशी वसवली, की ती परक्या घरची आहे हे सांगावे लागते. मूळ कल्पना कुणाची यापेक्षा ती माणसे आपल्या ओसरीवर बसल्यासारखी भांडतात की नाही, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

‘शारदा’ १८९९ सालचे. पैसे घेऊन पोटची पोर म्हाताऱ्याला द्यायला निघालेला कांचनभट, लग्नाला उतावीळ झालेला भुजंगनाथ आणि मधला दलाल भद्रेश्वर दीक्षित यांच्यावर व्याख्यान झोडण्याची किती मोठी सोय या विषयात होती! देवलांनी त्या सोयीचा मोह अगदीच टाळला असे मी म्हणणार नाही. या लग्नाला विरोध करणारा तरुण कोदंड बोलू लागला की विंगेत मला हमखास डुलकी येत असे. पण नाटकाचा खरा राग त्यांनी कोदंडाच्या हवाली केला नाही. तो त्यांनी थट्टेच्या गाण्यात ठेवला. ‘म्हातारा इतुका न अवघे पाऊणशे वयमान’ हे पद आज मैफलीत लोक हसत ऐकतात. त्यातला ‘अवघे’ हा शब्द पाहावा. नवरा पाऊणशे वर्षांचा आहे एवढे सांगून थांबले असते तर ती तक्रार झाली असती. ‘अवघे’ आल्यामुळे हे लग्न ठरवणाऱ्या साऱ्या मोठ्या माणसांची हिशेबी भाषाच मुलींनी उचलून त्यांच्या तोंडावर मारलेली आहे. बालविवाहाविरुद्धचा १९२९ सालचा ‘शारदा कायदा’ या नाटकावरून ओळखला जातो असे आमच्याकडे अनेक जण छातीठोकपणे सांगतात. ते खरे नाही. ते नाव विधेयक मांडणाऱ्या हरबिलास सारडा यांच्यावरून पडले. पण हा गैरसमज इतकी वर्षे लोकांना पटत आला आहे, यावरून ‘शारदा’ घराघरांत किती खोल गेले होते ते कळते.

राम गणेश गडकऱ्यांबद्दल आपल्या वाचकांनी भरभरून लिहिले आहे, म्हणून मी थोडक्यात आटोपतो. गडकरी हा प्रॉम्प्टरचा छळ आहे. ‘एकच प्याला’तल्या तळीरामाच्या एका वाक्यातला एक शब्द नटाने गाळला की पुढच्या चार कोट्या जागच्या जागी कोसळतात आणि विंगेतून नेमका कोणता शब्द टाकावा हे ठरेपर्यंत प्रवेश पुढे गेलेला असतो. ‘एकच प्याला’ १९१९ साली रंगभूमीवर येण्याआधीच, त्याच वर्षीच्या जानेवारीत, ३३ वर्षांचे गडकरी गेले; त्यातली पदेसुद्धा वि. सी. गुर्जरांना रचावी लागली. इतक्या लहान वयात भाषेवर असा ताबा मिळवलेला दुसरा नाटककार मराठीत झाला नाही. तरीही तळीराम असो, रामलाल असो की सुधाकर, मला प्रत्येकाच्या मागे गडकऱ्यांचाच आवाज ऐकू येतो. तो आवाज विलक्षण आहे, पण तो एकच आहे.

विजय तेंडुलकरांपाशी मात्र मला थांबायचे आहे.

‘शांतता! कोर्ट चालू आहे’ १९६७ सालचे. आम्ही ते १९८४ साली राज्य नाट्य स्पर्धेसाठी बसवले, तेव्हा पहिल्या वाचनालाच संस्थेत एक अवघडलेपण पसरले. हे नाटक आमच्यासारख्याच लोकांबद्दल आहे. एक हौशी मंडळी अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला खेडेगावात आलेली आहे, प्रयोगाला वेळ आहे, म्हणून वेळ घालवायला खेळ म्हणून आपल्यातल्याच एका बाईवर, बेणारेवर, खटला भरायचे ठरते. वकिली न चाललेला सुखात्मे, शास्त्रज्ञाच्या थाटात वावरणारा पोंक्षे, उठसूट उपदेश करणारा काशीकर हे सगळे पहिल्या आठवड्यातच आमच्या कार्यकारिणीत सापडले. भूमिका वाटताना कुणाला काय दिले यावरून दोन जण रागावले, आणि त्यांचा राग बरोबर होता.

या नाटकात मी एक चूक केली. बेणारेला कोंडीत पकडणारे प्रश्न सुरू होतात आणि ती गप्प होते, अशा एका जागी आमची बेणारे इतकी वेळ गप्प राहिली, की मला वाटले ती वाक्य विसरली. मी पुढचे दोन शब्द टाकले. तिने ऐकले नाही असे वाटून पुन्हा जरा मोठ्याने टाकले. ते पहिल्या तीन रांगांनी ऐकले असावेत, कारण कुणीतरी हसले. प्रयोगानंतर ती बाई मेकअप उतरवता उतरवता एवढेच म्हणाली, “काका, मी विसरले नव्हते. तिथे टिंबे आहेत.” मी प्रत उघडून पाहिली. टिंबे होती. तोपर्यंत तेंडुलकरांच्या वाक्यांमधली ती टिंबे मी छापखान्याची सवय समजून डोळ्यांआड करत आलो होतो. त्या रात्री घरी जाऊन सगळी प्रत पुन्हा वाचली आणि जिथे जिथे ती टिंबे होती तिथे तिथे पेन्सिलीने गोल केले. दोन अंकांतच इतके गोल झाले, की पान देवी आल्यासारखे दिसू लागले.

त्या गोलांवरून मला तेंडुलकर कळले असे म्हणायला हरकत नाही. त्यांची माणसे वाक्य अर्धे सोडतात, कारण उरलेले अर्धे बोलण्यासारखे नसते किंवा समोरच्याला ते आधीच कळलेले असते. तेंडुलकर बरीच वर्षे वर्तमानपत्रांत काम करत होते, म्हणजे आपल्याच व्यवसायातले. माणसे काय सांगतात यापेक्षा काय सांगायचे टाळतात हे टिपण्याची सवय त्यांना तिथेच लागली की काय, हे आपण अधिक चांगले सांगू शकाल. याच नाटकातली दाराची कडी पाहा. पडदा उघडल्यावर पहिल्या काही मिनिटांतच त्या कडीने बेणारेचे बोट चिमटते आणि गावातला साधाभोळा सामंत तिला समजावून सांगतो, की ही कडी जरा त्रासदायक आहे, नीट सरकवली नाही आणि दार ओढले की माणूस आत अडकतो. प्रेक्षक ते ऐकतो आणि विसरतो. पुढे खेळ अंगावर येऊ लागल्यावर बेणारे निघून जायला दाराकडे धावते, तेव्हा दार बाहेरून लागलेले असते. कोणीही खलनायक उठून दार लावत नाही. कडी नाटककाराने तासाभरापूर्वीच दाखवून ठेवलेली असते. आमच्या नेपथ्यवाल्याने पहिल्या प्रयोगाला खोटी, रंगवलेली कडी लावली होती. दुसऱ्या प्रयोगाला बाजारातून लोखंडी आणली, कारण तिचा आवाज हवा होता.

आणि शेवटचे स्वगत. आरोपीला काही सांगायचे असल्यास न्यायमूर्ती दहा सेकंद देतात. त्या दहा सेकंदांत बाकीची पात्रे जागच्या जागी थिजतात आणि बेणारे आपले सगळे आयुष्य बोलते. ती थांबते तेव्हा कोर्टाच्या घड्याळात दहाच सेकंद झालेले असतात, म्हणजे तिने जे सांगितले ते कुणीही ऐकलेले नाही, फक्त आपण ऐकले आहे. या स्वगताच्या वेळी मी बॅटरी विझवून ठेवत असे. आपल्या काही वाचकांनी हे स्वगत ‘हृदयाला भिडणारे’ म्हणून गौरवले आहे, आणि एकपात्री स्पर्धांत ते दरवर्षी म्हटले जाते. माझी नम्र तक्रार अशी, की ते सुटे काढून म्हटले की त्यातला तो दहा सेकंदांचा हिशेब नाहीसा होतो आणि एका दुखावलेल्या बाईचे भाषण तेवढे उरते.

त्याच तेंडुलकरांचे १९७२ सालचे ‘घाशीराम कोतवाल’ मला तितके जवळचे वाटत नाही, हेही प्रामाणिकपणे लिहितो. जब्बार पटेलांनी आणि भास्कर चंदावरकरांनी पुण्यात जे उभे केले ते थक्क करणारे होते. ब्राह्मणांच्या रांगेचाच पडदा होतो, तीच रांग भिंत होते, ही किमया मी प्रेक्षागृहात बसून पाहिली आहे. पण तीच संहिता हातात धरून वाचू लागलो की ती मला विरळ वाटते; तिचा निम्मा प्राण ठेक्यात आणि पायांत आहे. कदाचित विंगेत बसणाऱ्याची ही मर्यादा असेल.

शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’बद्दल न लिहिणे सांगलीत तरी शक्य नाही. दि गोवा हिंदु असोसिएशनने ते १९७० साली आणले, तेव्हापासून गणपतराव बेलवलकरांची घर मागणारी ती ओळ इतक्या गॅदरिंगांत, इतक्या नकलांत आणि मोबाइलवरच्या इतक्या विनोदांत फिरली, की तिच्यातले दुःख आता घासून गुळगुळीत झाले आहे. तालमीत मात्र माझे लक्ष त्यांच्या बायकोकडे, कावेरीकडे लागलेले असे. बेलवलकर तिला ‘सरकार’ म्हणतात. ती कमी बोलते, आणि जे बोलते ते साधे, घरातले, व्यवहाराचे असते. शिरवाडकर हे कवी. बेलवलकरांच्या तोंडी त्यांनी कवीची सगळी संपत्ती ओतली आणि त्यांच्या शेजारी एक बाई अशी बसवली जिला उपमा-अलंकार माहीतच नाहीत. ती नसती तर बेलवलकरांचे बोलणे असह्य झाले असते, असे मला वाटते. आवडत्या नाटककाराच्या पत्रात कावेरीचे नाव एकाने तरी घ्यायला हवे होते.

महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’ने आमची फजिती केली. १९८५ साली विजयाबाई मेहता यांनी ते रंगभूमीवर आणले, त्यानंतर पाच-सहा वर्षांनी आम्ही ते करायला घेतले. धरणगावच्या देशपांड्यांच्या वाड्यातली माणसे वऱ्हाडी वळणाने बोलतात. आमच्या दिग्दर्शकांना ते वळण आमच्या जिभांना जमेना म्हणून त्यांनी एका रात्रीत सगळे संवाद पुस्तकी मराठीत ‘सुधारून’ आणले. दुसऱ्या दिवशी तालीम सुरू झाली आणि प्रत्येक जण अडू लागला. वाक्ये सोपी झाली होती, अर्थ तोच होता, तरी कुणालाच पुढचे वाक्य आठवेना. भास्कर आणि सुधीर हे भाऊ एकमेकांशी जे बोलतात त्यातला ताण अर्थात नव्हताच. गावाकडच्या बोलीत आणि मुंबईहून आलेल्या बोलण्यात जी फट आहे, त्या फटीत तो होता. चार दिवसांनी आम्ही मूळ संवादांवर परत आलो, कार्यालयीन कामानिमित्त सांगलीत राहणाऱ्या एका यवतमाळकर गृहस्थांना रोज चहा पाजून उच्चार शिकलो, आणि तरीही स्पर्धेत परीक्षकांनी भाषेसाठी गुण कापले. योग्यच केले.

त्या नाटकातला एक प्रवेश मी अजून विसरलेलो नाही. वडील गेले आहेत, तेरवीचा खर्च कुणी करायचा यावर भावाभावांत धुसफूस आहे, दारात बंद पडलेला ट्रॅक्टर गंजतो आहे. अशा घरात एका रात्री घराण्याच्या दागिन्यांचा डबा उघडला जातो आणि वहिनी ते सगळे दागिने अंगावर चढवते. संहितेत त्या जागी शब्द थोडे आहेत. प्रयोगात आमची वहिनी, जी दिवसा प्राथमिक शाळेत शिकवत असे, एक एक दागिना घालत गेली आणि तिची पाठ सरळ होत गेली. तोपर्यंत पूर्ण नाटकभर ती किंचित वाकून, पदर सावरत वावरली होती. हे तिने ठरवून केले होते की दागिन्यांनी तिच्याकडून करवून घेतले, हे मी तिला कधी विचारले नाही. दागिने पितळेचे आणि भाड्याचे होते. विंगेत मी, लाइटवाला आणि चहा घेऊन आलेला पोऱ्या असे तिघे उभे होतो आणि चहा निवून गेला. पुढे ते दागिने घरातून कसे जातात हे नाटक पाहिलेल्यांना ठाऊक आहे. एलकुंचवारांनी वाड्याच्या पडझडीवर कुठेही भाषण दिलेले नाही. त्यांनी फक्त एका बाईला एका रात्रीपुरते मालकीण होऊ दिले. पुढे ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ लिहून त्यांनी याच घराची गोष्ट पूर्ण केली आणि चंद्रकांत कुलकर्णी यांनी १९९४ साली तिन्ही नाटके सलग सादर केली.

सतीश आळेकरांच्या ‘महानिर्वाण’वर लिहायला जागा थोडी उरली आहे, तरी एक प्रसंग सांगतो. मेलेले भाऊराव आपल्याच मरणाचे कीर्तन करतात आणि आपले दहन जुन्या स्मशानातच व्हावे म्हणून हटून बसतात, असे हे १९७४ सालचे नाटक. आमच्या प्रयोगाला पहिल्या रांगेत देवळातल्या कीर्तनाला नेमाने जाणारे एक वयस्कर गृहस्थ बसले होते. भाऊरावांनी चाल धरली आणि या गृहस्थांनी सवयीने टाळ्यांचा ठेका धरला. काही क्षणांनी आपण नेमके कशाला ठेका देतो आहोत हे त्यांच्या ध्यानात आले असावे, कारण टाळी अर्ध्यावर थांबली. प्रेक्षकांचा आवाज ऐकण्यात माझी उमर गेली, पण अशी थांबलेली टाळी मी पुन्हा ऐकली नाही. आळेकरांनी तिरडी, रडणे, शेजारी, दहाव्याची गडबड हे सगळे आपल्याच ओळखीच्या चालीवर बसवले, आणि ओळखीची चाल ऐकताना माणूस बेसावध असतो.

प्रेमानंद गज्वींच्या ‘घोटभर पाणी’ची आठवणही इथे काढतो. दोनच पात्रे, नेपथ्य नाही, पडदा नाही; आम्ही ते शाळेच्या ओट्यावरही केले आहे. त्या प्रयोगाला विंगच नव्हती, त्यामुळे मी प्रेक्षकांत बसलो आणि माझी गरज पडली नाही.

आता आपल्याकडे मागणे. आपल्याच अंकातल्या नाटकांच्या जाहिरातींवर एकदा नजर टाकावी. नटनट्यांची छायाचित्रे बोटभर, निर्मात्याचे नाव ठसठशीत, आणि ‘लेखक’ हा शब्द शोधायला भिंग लागते. काही जाहिरातींत तर तो सापडतच नाही. जाहिरात निर्मात्याची असते, तिच्यावर आपले नियंत्रण नसते, हे मला समजते. पण नाट्यपरीक्षण तर आपले असते. त्यात कथानकाला तीन परिच्छेद, अभिनयाला दोन, नेपथ्य-प्रकाशाला मिळून एक, आणि लेखकाला ‘संवाद चुरचुरीत आहेत’ एवढे एक वाक्य मिळते. संवाद चुरचुरीत असतील तर ते कोणाच्या तोंडी आहेत, ते त्याच माणसाचे वाटतात का, दुसऱ्या अंकात जे घडते त्याची कडी पहिल्या अंकात कुठे दाखवून ठेवली होती, हे परीक्षकाने लिहावे. त्यासाठी प्रयोगाआधी संहिता मागवून वाचावी लागेल, आणि निर्माते ती देतील की नाही याची मला खात्री नाही. मागून तरी पाहावे.

दुसरी अडचण संहितांची. नव्या नाटककारांची नाटके पुस्तकरूपाने उशिरा येतात किंवा येतच नाहीत, आणि जुन्यांच्या आवृत्त्या संपून वर्षे लोटतात. आमच्या संस्थेत आता जी तरुण मुले आहेत ती यूट्यूबवरचा प्रयोग थांबवत थांबवत संवाद लिहून काढतात. म्हणजे नटाने बदललेले वाक्य, पदरचा विनोद, गाळलेला शब्द हे सगळे नाटककाराच्या नावावर जमा होते. आणि टिंबे तर ऐकून लिहिताच येत नाहीत. पुरवणीत महिन्याला एखाद्या नाटकातला एक प्रवेश, लेखकाची वा वारसांची रीतसर परवानगी घेऊन, रंगसूचनांसह जसाच्या तसा छापता आला तर पाहावे. पान भरायला आवडत्या नाटककारांवरची आमची पत्रे आहेतच, त्यांतली दोन कमी केली तरी चालतील; पहिले हे करावे.

गेल्या महिन्यात त्याच मुलांपैकी एक जण ‘शांतता’ची माझी जुनी प्रत घेऊन गेला. दोन दिवसांनी त्याचा फोन आला. पुस्तकभर पेन्सिलीचे गोल कशासाठी केले आहेत, ती वाक्ये कापायची आहेत का, असे तो विचारत होता. मी त्याला रविवारी घरी बोलावले आहे.

आपला,
एक निवृत्त प्रॉम्प्टर,
सांगली